आठ पाऊण सहा

काल मांगीलाल हरभऱ्याची जुडी देऊन गेला. मोटरसायकलच्या मागे बांधून आणलेली, मुळांना टोंकखुर्दची काळी माती तशीच चिकटलेली. फाल्गुन आला हे आमच्या देवासच्या घरात भिंतीवरच्या पंचांगाआधी या जुडीवरून कळतं. आज सकाळपासून ओसरीवर पाल्याचा पसारा आहे. त्या पसाऱ्यात बसून माझी अकरावीतली लेक ईशा एका हाताने घाटे सोलते आहे आणि दुसऱ्या हातात तिने भूगोलाचं पुस्तक धरलंय. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंबट आंब आधी बोटांना लागते, मग पानं उलटताना पुस्तकाला. तुझं पुस्तक आता चाटूनच पाठ कर, असं मी म्हटलं तर म्हणाली, "मम्मी, डिस्टर्ब मत करो ना, चार दिवसांवर पेपर आहे." तोंडात सोलाणे चालूच होते.

शेजारी आरामखुर्चीत मामंजी. म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना अजून मामंजीच म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना हा शब्द ऐकून हसू येतं, पण पूर्वजांनी इकडे येताना जे शब्द बरोबर आणले ते आम्ही अजून वापरतो, बदलून घ्यायला जायचं कुठे? मामंजींनी टोंकखुर्दच्या सरकारी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, तोही हिंदीतून. नातीचा भूगोल कानावर पडला की त्यांचा चेहरा खुलतो.

ईशा मोठ्याने वाचत होती. चंद्राच्या ओढीने सागराचं पाणी दिवसातून दोनदा वर चढतं आणि दोनदा उतरतं, याला ज्वार-भाटा म्हणतात, वगैरे. मध्येच थांबली, एक दाणा तोंडात टाकला आणि सहज विचारलं, "आबा, तुम्ही समंदर देखा आहे का कधी?"

मी आत कणीक मळत होते. माझे हात थांबले. हा प्रश्न मामंजींना आयुष्यात दुसऱ्यांदा विचारला जात होता. पहिल्यांदा दिलेलं उत्तर चाळीस वर्षं त्यांच्या घशात अडकून बसलं होतं, आणि ते मोकळं झालं तेही अशाच एका फाल्गुनात, चार वर्षांपूर्वी.

परीक्षेचा हंगाम मला लहानपणापासून आवडतो. हे मी कुणाला सांगत नाही, लोक वेड्यात काढतील. पण मला खरंच आवडतो. माझं माहेर धारचं. तिथे या दिवसांत सकाळची हवा अजून गार असायची आणि दुपार चटका द्यायला लागलेली असायची. गच्चीगच्चीवर मुलं पुस्तक घेऊन फेऱ्या मारायची, गावाबाहेर गहू पिवळा पडत आलेला असायचा, आणि एरवी कुणालाही न विचारणारे शेजारी "कैसा गया पेपर?" म्हणून रस्त्यात अडवायचे. आई हातावर दही-साखर ठेवायची आणि मराठीत आशीर्वाद द्यायची, मग मी जाऊन हिंदीत पेपर लिहायचे. भूगोलाच्या पेपरात नकाशा भरायचा असे. आपल्या भागातला लोहमार्ग दाखवा, असं आलं की आम्ही धारची पोरं पेन्सिल चावत बसायचो, कारण धारला रेल्वेच नव्हती.

हसू नका, त्या नसलेल्या रेल्वेने माझा स्वभाव घडवला आहे. आम्हाला गाडी पकडायची तर बसने इंदूरला जावं लागे, आणि ती चुकली की सगळं बिऱ्हाड परत धारला. म्हणून वडील गाडीच्या तीन तास आधी आम्हाला फलाटावर नेऊन बसवत. ती धास्ती माझ्या हाडात मुरली. आता देवासला घरापासून स्टेशन दहा मिनिटांवर आहे, तरी मी तासभर आधी निघते. नवरा विचारतो, "तू गाडीत बसायला चालली आहेस की गाडी धुवायला?"

तर चार वर्षांपूर्वी मांगीलाल असाच जुडी घेऊन आला होता. तो मामंजींचा जुना विद्यार्थी, आता साठीला टेकलेला शेतकरी. सर भेटले की अजून पायांना हात लावतो. मी चहा दिला तर मला म्हणाला, "मैडम, आप नी जाणो, ये हमारे समंदर वाले सर हे. समंदर की लहर पाछी जावे ने पाँव के नीचे से रेत खींच ले, ऐसो भणायो थो सर ने कि म्हारे आज भी तलवे में गुदगुदी होवे." खूप हसला, चहा प्याला, निघून गेला.

त्या संध्याकाळी आम्ही अंगणात हरभरा भाजला. मामंजींनी एक घाटा हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला. मग म्हणाले, "वृंदा, मी समुद्र पाहिलेला नाही."

मला आधी कळेचना यात एवढं काय. देवासच्या अर्ध्या लोकांनी पाहिला नसेल. पण त्यांनी सांगितलं ते असं. नोकरीची पहिली वर्षं होती. फळ्यावर चंद्र काढून, पृथ्वी काढून ते ज्वार-भाटा शिकवत होते आणि पुढच्या रांगेतून मांगीलालने विचारलं, "सर, आपने देखा है?" वर्गातल्या सगळ्या माना वर झाल्या. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हाँ, देखा है."

"एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं गं," मामंजी म्हणाले. "मी वर्णन केलं. ते पायाखालच्या वाळूचं मला पुण्याच्या चुलतभावाने पत्रात लिहिलं होतं. ते मी माझं म्हणून सांगितलं. दर वर्षी हा माणूस मला जुडी आणून देतो आणि दर वर्षी मी ती खातो."

सासूबाईंनी राखेतले घाटे उलटत म्हटलं, "पाणीच पाहायचं तर नेमावरला चला. नर्मदा काय कमी आहे?"

"नर्मदा एकाच दिशेने जाते," मामंजी म्हणाले. "मला परत येणारं पाणी पाहायचंय. गुडघे चालताहेत तोवर. एकदा पाहिलं की मांगीलालला जाऊन खरं सांगता येईल. नुसतं 'पाहिलं नाही' एवढंच सांगायला कोणत्या तोंडाने जाऊ?"

यानंतर मला गप्प बसवेना. मी शाळेत हिंदी शिकवते, बोर्डाच्या परीक्षेत माझी ड्यूटी लागली होती. दोन पेपरांमध्ये एक दिवसाचा खंड मिळत होता. वेळापत्रक काढून बसले. आदल्या संध्याकाळी देवासला गाडीत बसायचं, पहाटे वापीला उतरायचं, तिथून रिक्षाने दमण. जुनं गाव, किल्ला, समोर समुद्र. संध्याकाळी पाचच्या सुमाराला वापीहून परतीची गाडी, दुसऱ्या दिवशी पहाटे देवास आणि आठ वाजता मी परीक्षा केंद्रावर हजर. नवऱ्याला कारखान्याची पाळी सोडता येईना, सासूबाई प्रवासाला नाहीच म्हणाल्या. ईशा तेव्हा सातवीत, ती आजीपाशी राहिली; मांगीलालच्या आधी कुणाला कळायला नको म्हणून तिला आम्ही कुठे जातो ते सांगितलं नाही, आणि पुढे ते राहूनच गेलं. होळीआधीचे आठ दिवस इकडे अशुभ मानतात, म्हणून शेजारच्या भाभींनी "होलाष्टक लग रिया है, अभी मत निकलो" असं बजावलं. मी म्हटलं, भाभी, बोर्डाला होलाष्टक कळत नाही, सुट्टी याच दिवशी आहे.

वापीला उतरलो तेव्हा उजाडत होतं. मामंजी खिडकीशी जागेच होते, अंगावर इस्त्रीचा सदरा, पायात नवे सँडल. "आधी समुद्र," ते म्हणाले. पण माझं सगळं ठरलेलं होतं. आधी आंघोळ, मग नाश्ता, मग ऊन वाढायच्या आत किल्ला, आणि मग निवांत समुद्र. मी हसून म्हटलं, "मामंजी, समुद्र काय कुठे पळून जातोय?"

हे वाक्य मला अजून आठवतं आणि अजून कान गरम होतात.

किल्ला छान होता. जाड तटबंदी, आत शांत रस्ते, फिरंग्यांच्या वेळची पांढरी चर्च, झाडांखाली झोपलेली कुत्री. मी फोटो काढत होते, मामंजी सभ्यपणे बघत होते. लहान मूल देवळात प्रसादाची वाट बघतं, तसे. साडेअकराला आम्ही देवकाच्या किनाऱ्यावर पोचलो. कठड्याशी जाऊन उभे राहिलो आणि समोर पाहिलं.

समोर समुद्र नव्हता.

काळे खडक होते, त्यांवर शेवाळ, खडकांमधून करडा चिखल, चिखलात साचलेली डबकी आणि डबक्यांत तुरुतुरु पळणारे खेकडे. खूप लांब एक चमकणारी रेघ होती. बस. मामंजी दोन्ही हात कठड्यावर ठेवून उभे होते. त्या रेघेकडे बघत म्हणाले, "गेला की गं."

मग ते हसायला लागले. तीस वर्षं मी पोरांना हेच पढवलं, म्हणाले. दोनदा चढतो, दोनदा उतरतो. गाडीचं वेळापत्रक पाहिलं आपण, समुद्राचं पाहायचं सुचलं नाही. भूगोलाचा मास्तर मी! हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि तो जरा जास्तच वेळ पुसत राहिले. मला तेव्हा जमिनीत शिरावंसं वाटलं. पहाटे उतरल्याबरोबर आलो असतो तर पाणी कठड्याला लागलेलं मिळालं असतं. माझ्या इडल्या आणि माझ्या फोटोंनी ते घालवलं होतं. पाण्यापर्यंत चालत जायचं तर त्या निसरड्या खडकांवरून त्यांच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं.

कठड्यापलीकडे एक कोळीण सुकत घातलेले बोंबील उलटत होती. तिला आमची दया आली असावी. "क्या हुआ बेन? पानी तो गया. शाम को आवेगा."

"शाम को कितने बजे?" मी विचारलं.

तिने मामंजींकडे पाहिलं. वय बघून बहुधा यांना माहीत असेल असं वाटलं तिला. "दादा, आज तिथि कौन सी?"

मामंजींना तिथी विचारायची म्हणजे त्यांना स्वतःचं नाव विचारण्यासारखं. "अष्टमी."

"तो आठ का पौना कर लो. छह. छह बजे पूरा भरेगा, थोड़ा आगे-पीछे."

मामंजी तिच्याकडे बघतच राहिले. मग अगदी हळू, शाळकरी मुलासारखे हात बांधून म्हणायला लागले, "एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन..." आठ पाऊण सहापर्यंत आले आणि थांबले.

ही पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, आमच्या घरातलं एक जुनं खूळ. तिन्हीसांजेला शुभंकरोति झालं की त्यांचे आजोबा त्यांच्याकडून ती घोकून घेत, आणि मामंजींनी ती हट्टाने ईशाकडून घोकून घेतली. तिला मराठी वाचताना अजून धाप लागते, पण पाऊणकी घडाघडा येते. मी किती चिडवलं होतं त्यांना! मोबाइलच्या जमान्यात पाऊणपटीचं काय लोणचं घालायचं? पूर्वी बाजारात, मापात तिचा उपयोग होत असेलच. पण आमचा मूळपुरुष समुद्राकाठच्या कुठल्याशा गावाहून पवारांच्या लष्कराबरोबर कारकून म्हणून आला, एवढं घरात सांगतात. त्याने तलवार आणली नाही, सोनं आणलं नाही, ही पाऊणकी मात्र आणली. समुद्र शेकडो कोस मागे राहिला, ती वापरायचं कारण मागे राहिलं, आणि पाठांतर घरात चालू राहिलं.

"आजोबांना त्यांच्या आजोबांनी शिकवली," मामंजी म्हणाले. "कशासाठी, ते कुणीच सांगितलं नाही. पंचांग रोज पाहतो, ज्वार-भाटा तीस वर्षं शिकवला, पाऊणकी पाठ. तिन्ही माझ्याचकडे होती, वृंदा." त्यांचा चेहरा असा उजळला होता की क्षणभर मला समुद्राची आठवणच राहिली नाही.

पण सहाला भरती आणि पाचला गाडी. कितीही पाऊणपट केली तरी हे जमत नव्हतं. मी घड्याळ बघते आहे हे कोळणीने पाहिलं. म्हणाली, इथे वरपर्यंत यायला उशीर लागेल, तुम्ही किल्ल्याजवळच्या जेट्टीवर जा. तिथे खाडी खोल आहे, पाणी लवकर चढतं. "और सुनो दादा, ऊपर मत बैठना. नीचे की सीढ़ी पे बैठना."

आम्ही परत किल्ल्याकडे आलो. दमणगंगा जिथे समुद्राला मिळते, तिथे धक्क्याच्या दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. तेव्हा त्या चिखलात उतरत होत्या. रंगीत होड्या चिखलात कुशीवर पडल्या होत्या, दोर सैल, कुणी कोळी सावलीत जाळं शिवत बसलेला. आम्ही भजी खाल्ली. रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. अडीचला मामंजींनी सँडल काढून शेजारी नीट ठेवले, पँट दोन घड्या वर दुमडली आणि शेवाळ जिथे सुरू होतं त्याच्या वरच्या पायरीवर बसले.

पहिल्यांदा काही कळलंच नाही. नदीचं पाणी आपलं समुद्राकडे चाललं होतं. मग एक नारळाची शेंडी वाहत जाता जाता थांबली. जागच्या जागी फिरली. आणि हळूहळू उलटी निघाली.

"बघ," मामंजी कुजबुजले. "नदी उलटी चालली."

यानंतर सगळं सावकाश होत गेलं. चिखलातल्या चरांत पाणी शिरलं, फेसाच्या रेघा आल्या. पलीकडची निळी होडी कुरकुरली, थोडी सरळ झाली, पुन्हा कुरकुरली. एकेक पायरी बुडत होती. साडेतीन, चार. मला घड्याळाकडे बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. सव्वाचारला पाणी मामंजींच्या पायांच्या एक पायरी खाली होतं. वरून रिक्षावाला ओरडला, "बेन, ट्रेन निकल जाएगी!"

मी आयुष्यात कधी गाडी चुकवलेली नाही. त्या पायरीवर उभी राहून मी म्हटलं, "जाऊ दे गाडी. मामंजी, तुम्ही बसा. सहाची पूर्ण भरती पाहून जाऊ." आणि खरंच, म्हटल्यावर मला काही झालं नाही. उलट हलकं वाटलं.

मामंजींनी वर पाहिलं. "उद्या पेपर आहे मुलांचा," ते म्हणाले. "खोलीवर शिक्षक नसला की पोरं घाबरतात. ते नाही चालायचं." मग हात पुढे केला. "धर मला. तो येत नाही तर आपण एक पायरी उतरू."

मी चपला भिरकावल्या, भिंतीतली लोखंडी कडी एका हाताने पकडली आणि दुसऱ्या हाताने त्यांचा दंड. शेवाळावरून अगदी बेताने आम्ही दोघं एक पायरी उतरलो. पाणी आलं. लाट नव्हती, आवाज नव्हता. एक गार, गढूळ पदर आधी त्यांच्या बोटांवरून आला, थोडा मागे सरला, मग घोट्यापर्यंत चढला आणि तिथेच राहिला. मामंजींनी वाकून एक बोट बुडवलं, जिभेला लावलं.

"खारट आहे," ते म्हणाले. इतक्या नवलाने, की तीस वर्षं पोरांना हे दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं असावं. मला रडू आलं, मी येऊ दिलं.

गाडी मिळाली. ती दहा मिनिटं उशिरा होती, नाहीतर मिळाली नसती. डब्यात बसल्यावर त्यांच्या घोट्यांवर मिठाचा पांढरा थर वाळलेला दिसत होता. देवासपर्यंत त्यांनी पाय धुतले नाहीत. मी मात्र आठ वाजता केंद्रावर उभी होते, साडीच्या काठाला दमणचा चिखल.

पुढच्याच रविवारी मामंजी बसने टोंकखुर्दला निघाले, मी हट्टाने बरोबर गेले. गव्हाची कापणी चालू होती, हवेत भुसा उडत होता. मांगीलालने बांधावर गोधडी अंथरली, पाणी आणलं. मामंजी बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मांगीलाल, उस दिन मैंने झूठ बोला था. मैंने समंदर नहीं देखा था. अब देखा है. मेरे पाँव के नीचे रेत थी ही नहीं, पत्थर था. और लहर भी नहीं थी. पानी चुपचाप आता है."

मांगीलाल विळा हातात घेऊन उभा होता. त्याने सरांकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांकडे पाहिलं. त्याने विळा खाली ठेवला आणि कापलेल्या गव्हाच्या खुंटांवर पुढच्या रांगेतल्यासारखा मांडी घालून बसला. "तो कई हुयो सर," तो म्हणाला. "अबे साँचो पाठ भणई दो."

मामंजींनी मातीत काडीने आधी चंद्र काढला.

हे सगळं चार वर्षांपूर्वीचं. आज माझ्या भावाचा धारहून फोन येतो तेव्हा तो रुळांच्याच गोष्टी सांगतो, कुठपर्यंत आले, स्टेशन कसं होतंय. "बस, अब आई समझो," म्हणतो. मी पूर्वी त्याला हसायचे. आता हसत नाही. यायच्या गोष्टी येतात, आपण बसलेली पायरी तेवढी पाहून घ्यावी, असं मला वाटायला लागलंय.

तर ओसरीवर ईशाने विचारलं, आबा, समंदर देखा आहे का, आणि मी कणकेचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिले.

"हो," मामंजी म्हणाले. "पाहिलाय. अष्टमी होती. साडेचारपर्यंत पाहिला."

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे मामंजींनी तिला मागेच शिकवलं होतं. ईशाचे ओठ हलले. "आठ पाऊण सहा," ती म्हणाली. "मतलब दीड तासाचा राहिला ना आबा, पूरा भरायचा."

"राहिला," मामंजी म्हणाले आणि एक घाटा सोलून दाणा तोंडात टाकला. "तुझे पेपर संपले की बघून येऊ."

मी हात धुतले. गाड्यांचं वेळापत्रक फोनमध्ये असतं, ते नंतर. आधी खिळ्यावरचं पंचांग काढून घेतलं.